वहीतले आठ तास

उरणला लोखंड टिकत नाही, हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो आहे. एका अंगाला करंजाची खाडी, दुसऱ्या अंगाला मोरा बंदर आणि मधे जिथे तिथे मिठागरं. वारा कुठूनही आला तरी तो खाराच. खिडकीचे गज, सायकलची साखळी, तुळशीवृंदावनाजवळच्या नळाची चावी, सगळ्यांवर एका पावसाळ्यात तांबूस पापुद्रे चढतात. म्हणून आमच्याकडे बाजारात गेलेला माणूस वस्तू हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतो, ‘गंजणार नाही ना?’ दुकानदारही मग जस्ताचा चकचकीत मुलामा दिलेली वस्तू पुढे करतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश.

या चकचकीतपणाबद्दलच आज थोडं लिहायचं आहे. माझं सगळं आयुष्य स्प्रिंगांच्या कारखान्यात गेलं. या विषयावर रविवारच्या अंकात लिहावं असं त्यात काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही परवापरवापर्यंत तसंच वाटत होतं.

परवा झालं असं. शेजारचा मुलगा बंदराकडच्या एका गोदामात कामाला आहे. संध्याकाळी तो तणतणतच आला. हातात मोटरसायकलच्या साइड-स्टँडची स्प्रिंग होती, मधोमध तुटलेली.

‘काका, बघा हा माल! काल नव्यासारखी करून बसवली, आज गाडी स्टँडवर लावली नि टाण्णकन तुटली. गाडी आडवी. ड्युप्लिकेट माल, दुसरं काय!’

मी स्प्रिंग हातात घेतली. तुटलेली कड सरळ, स्वच्छ होती. वाकण्याची, ताणली जाण्याची कसलीच खूण नव्हती. काचेची कांडी मोडावी तशी ती मोडली होती.

‘नव्यासारखी म्हणजे कशी केलीस रे?’

‘गंज चढला होता. न्हाणीघर धुवायचं ॲसिड होतं ना, त्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी एकदम चांदीसारखी!’

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि चाळीस वर्षांपूर्वी मला जे कळलं ते सांगितलं. तो गेल्यावर वाटलं, हे एकट्या त्याला सांगून भागणार नाही.

स्प्रिंग म्हणजे वेटोळी केलेली तार. पण ती साधी तार नव्हे. घरबांधणीत सळ्या बांधायला जी मऊ तार वापरतात, ती एक मिलिमीटर जाडीची घेतली तर तीस-पस्तीस किलो वजनाला तुटते. तेवढ्याच जाडीची चांगली स्प्रिंगची तार दीडशे किलोहून अधिक वजन तोलते. हे बळ तिला फुकट मिळत नाही. जास्त कार्बनचं पोलाद तापवायचं, वितळलेल्या शिशाच्या कुंडातून न्यायचं, मग एकाहून एक लहान भोकांच्या साच्यांतून थंड अवस्थेत ओढत ओढत बारीक करायचं. शिशाच्या कुंडाची ही रीत इंग्लंडमध्ये जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५० च्या दशकात काढली, ती थोड्याफार फरकाने आजही चालते. आपल्याकडे तारापूरसारख्या ठिकाणी अशी तार ओढणारे मोठे कारखाने आहेत. तिथून तारेची भेंडोळी आमच्यासारख्या लहान कारखान्यांत येतात आणि आम्ही त्यांची वेटोळी करतो. पेनातल्या नखाएवढ्या स्प्रिंगपासून ट्रकच्या क्लचमधल्या स्प्रिंगपर्यंत.

आता या तारेचा स्वभाव बघा. मऊ लोखंडाला मारलं, वाकवलं, तर ते वाकतं, चेपतं, पण निभावून नेतं. स्प्रिंगचं पोलाद कमालीचं बळकट असतं आणि म्हणूनच हळवंही असतं. त्याला सगळ्यात मोठं भय असतं ते हायड्रोजनचं.

हायड्रोजन हे जगातलं सगळ्यात लहान मूलद्रव्य, हे आपण शाळेत शिकतो. लोखंड ॲसिडमध्ये बुडवलं की बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे, हेही शिकतो. शाळेत एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. सगळा हायड्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने वर जात नाही. त्याचे काही सुटे अणू पोलादाच्या आत शिरतात. जिथे ताण जास्त, जिथे एखादा बारीक ओरखडा, तिथे ते जमा होतात. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. बळकट पोलादाला मात्र आतून चीर पडते. ही चीर लगेच पडत नाही, हे आणखी वाईट. स्प्रिंग तयार होते, मोजली जाते, पास होते, डब्यात भरली जाते, बसवली जाते. आणि मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कुणी हात न लावता तुटते.

हे काही नवं ज्ञान नाही. १८७५ साली विल्यम जॉन्सन या इंग्रज गृहस्थांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं होतं. लोखंडाची, पोलादाची तार थोडा वेळ ॲसिडमध्ये ठेवली की ठिसूळ होते, तुटलेली कड ओली केली तर तिथून बारीक फेस येतो, आणि तार नुसती ठेवून दिली तर तिचा ठिसूळपणा हळूहळू जातो, उष्णता दिली तर लवकर जातो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. रोग आणि औषध दोन्ही एकाच निबंधात. पुढच्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी त्याची कारणं खोलात जाऊन शोधली, पण कारखान्यात उभ्या असलेल्या माणसाला लागणारं शहाणपण तेव्हापासून तेच आहे: ॲसिड जपून वापरा, आणि वापरलंत तर तारेला ऊब द्या.

आता कुणी म्हणेल, स्प्रिंगला ॲसिड लावायचंच कशाला? तर त्याचं उत्तर आमच्या उरणच्या वाऱ्यात आहे. गंज नको म्हणून जस्ताचा मुलामा हवा. मुलामा चिकटायला पृष्ठभाग स्वच्छ हवा, म्हणून आधी ॲसिडमध्ये बुडवायचं. मग विजेच्या कुंडात जस्त चढवताना पुन्हा हायड्रोजन सुटतो. म्हणजे दोनदा मार. शिवाय वर चढलेला जस्ताचा थर आत शिरलेल्या हायड्रोजनला सहजी बाहेर पडू देत नाही. दार लावून घेतल्यासारखं होतं. मग करायचं काय? मुलामा चढल्यापासून चार तासांच्या आत स्प्रिंगा भट्टीत घालायच्या आणि १९० ते २२० अंश सेल्सिअसच्या धगीत बराच वेळ ठेवायच्या. आजचे आंतरराष्ट्रीय मानकांचे तक्ते सांगतात की पोलाद जितकं बळकट तितके तास जास्त. आठ तासांपासून सुरुवात, आणि सगळ्यात बळकट पोलादाला वीस तासांहून अधिक. धग त्याहून वाढवून वेळ वाचवायचा म्हटलं तर तारेचं बळ आणि वरचं जस्त दोन्ही बिघडण्याची भीती. थोडक्यात, इथे घाईला जागा नाही.

घाईचा विषय निघाला म्हणून माझी गोष्ट सांगतो. मी ती आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

१९८६ साल. मी तेव्हा पंचविशीत होतो. उरणहून रोज मोरा बंदरावर जायचो, लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचो आणि तिथून चालत रे रोडकडच्या एका गल्लीतल्या स्प्रिंगांच्या कारखान्यात. आमच्या पिढीतल्या कितीतरी आगरी पोरांचा हाच रस्ता. सिडकोने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या, शेती-मिठागरं आटत चालली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानला झालेल्या आंदोलनात आमच्या भागातली पाच माणसं गोळीबारात गेली, ती जखम अजून ओली होती. बापूस म्हणायचा, जमीन गेली तरी हातातली कला कुणाला घेता येत नाही, एखादी कला शीक. मी स्प्रिंगची कला शिकत होतो.

शिकवणारे मिस्त्री रत्नागिरीकडचे होते. बोलणं कमी, नजर मोठी. मशिनवर वेटोळी केलेली स्प्रिंग ते कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे. वेटोळी केली की तारेत आतल्या आत ताण उरतो, म्हणून मुलाम्याला पाठवण्याआधी ती अर्धा तास तापवून तो ताण घालवायचा, हा त्यांचा पहिला धडा. मुलाम्याहून परत आली की रात्रभर भट्टी, हा दुसरा. आमची भट्टी जुनी, आपोआप बंद होणारं घड्याळ तिला नव्हतं. भट्टीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असे. लॉट कुठला, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, एकूण तास, सही. आमच्या कारखान्यात तेव्हा आठ तासांचा नियम होता. आजच्या तक्त्यांप्रमाणे आमच्या तारेला याच्या दुपटीहून अधिक वेळ द्यायला हवा, पण तो तेव्हाचा नियम होता आणि तो तरी पाळायचा होता.

थंडीचे दिवस, गुरुवार. दोनशे चाळीस स्प्रिंगांचा लॉट मुलाम्याहून पाच वाजता आला. मालवाहू लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या स्प्रिंगा होत्या. वाचकांना ठाऊक असेल, लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगच धरून ठेवते. वीज गेली की स्प्रिंगच्या जोरावर पट्टे चाकाला आवळले जातात आणि लिफ्ट जागच्या जागी उभी राहते. रात्रपाळीचा माणूस आजारी होता, म्हणून रात्र मी काढायची असं ठरलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बहिणीला बघायला पनवेलहून पाहुणे यायचे होते. घरून निघताना आवस म्हणाली होती, ‘पोरा, उद्याला पावनं हायत घरा. येलेवर ये.’ वाटलं होतं, सकाळची पहिली लाँच मिळेल. संध्याकाळी धक्क्यावरून आलेल्या एकाने सांगितलं की सकाळी ओहोटी आहे, मोऱ्याला गाळामुळे लाँच लागायची नाही, पाण्याची वाट बघावी लागेल. मी भट्टी सव्वापाचला चालू केली होती. सात वाजता बंद केली आणि शेवटची लाँच गाठायला धावलो. धावण्याआधी वहीत लिहिलं: आत ५.१५, बाहेर १.१५, एकूण तास ८. खाली सही.

मनात काय होतं, ते आज आठवून सांगतो. वाटलं, भट्टी गरमच आहे, बंद केली तरी हळूहळू निवेल, तेवढी धग पुरेल. वाटलं, स्प्रिंगा दिसायला तर सुंदर झाल्यात. आणि खरं सांगायचं तर वाटलं, कुणाला कळणार आहे?

शुक्रवारी मी सुट्टी घेतली. माल वहीतली नोंद बघून रवाना झाला. शनिवारी तो गिऱ्हाइकाच्या कारखान्यात ब्रेकवर चढवला गेला. रविवारी सगळं बंद. सोमवारी सकाळी दार उघडलं, तेव्हा पाच ब्रेकांच्या स्प्रिंगा तुटून पडल्या होत्या. काय झालं म्हणून तिथला एक मुलगा सहावी स्प्रिंग वाकून बघत होता, ती त्याच्यासमोर तुटली. तुकडा भुवईला लागला. तीन टाके पडले. डोळा एक बोट खाली होता.

दुपारी उरलेल्या स्प्रिंगा आमच्याकडे परत आल्या. मिस्त्रींनी तारेचं प्रमाणपत्र बघितलं, मापं घेतली, वही बघितली. वहीत आठ तास होते. मग त्यांनी दहा स्प्रिंगा घेतल्या, शिकंज्यात पूर्ण दाबून बांधल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी तीन तुटल्या होत्या. ते माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, ‘वहीत आठ तास आहेत. पण तार खोटं बोलत नाही. भट्टी किती वाजता बंद केलीस?’

मी खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, ‘पान फाडायचं नाही. खोडायचं, खरं लिहायचं आणि पुन्हा सही करायची.’ मी ८ वर रेघ मारून पावणेदोन लिहिलं. मालकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस स्प्रिंगा भंगारात गेल्या. उरलेल्यांना पुन्हा भट्टी द्यावी का, असं मालकांनी विचारलं, तर मिस्त्री नाही म्हणाले. एकदा आत चीर पडली की उष्णतेने हायड्रोजन जातो, चीर जात नाही. माझी नोकरी राहिली. त्या मुलाला भेटायला मी दोनदा गेलो. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान होता, त्याने मला ‘बसा ना दादा’ म्हटलं. त्या स्प्रिंगा सोमवारऐवजी बुधवारी तुटल्या असत्या, म्हणजे ब्रेक लिफ्टवर चढल्यानंतर, तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही रात्री करतो.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. माझी चूक माझीच, तिची सबब मी सांगत नाही. पण पुढे चाळीस वर्षं या धंद्यात काढल्यावर मला दिसलं की वहीत आठ तास लिहिणारा मी एकटा नव्हतो. आपली सगळी व्यवस्थाच असे तास वहीत लिहायला शिकवते.

कसं ते बघा. गिऱ्हाईक स्प्रिंग विकत घेतं तेव्हा तीन गोष्टी तपासतं: माप, चमक आणि भाव. हायड्रोजन या तिन्हींत दिसत नाही. भट्टीत आठ तास ठेवलेली आणि न ठेवलेली स्प्रिंग शेजारी शेजारी ठेवली तर मलाही नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही. उलट भट्टीमुळे चमक बिघडण्याचीच शक्यता. जस्तावर शेवटी जो पिवळा किंवा निळसर पाणीदार थर देतात, तो एवढी धग सोसत नाही. म्हणून काम थांबवून आधी भट्टी, मग पुन्हा हलकी धुलाई आणि मग तो रंग, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. मुलामा देणाऱ्याला किलोवर पैसे मिळतात, तासावर नाही. वीज त्याची, वेळ त्याचा, आणि टाळलं तरी कुणाला दिसत नाही. अशा वेळी न टाळणारा माणूस म्हणजे एक तर साधू किंवा ज्याने एकदा तुटलेली स्प्रिंग पाहिली आहे असा.

हे फक्त लहान गाळ्यांत होतं असंही नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर नवा पूल बांधत होते. २०१३ च्या मार्चमध्ये तिथे बळकट पोलादाचे, जस्ताचा थर दिलेले तीन इंच जाडीचे शहाण्णव नांगर-बोल्ट ताणून आवळले. दोन आठवड्यांत त्यांतले बत्तीस तुटले. कारण निघालं हायड्रोजनने आलेला ठिसूळपणा. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या एका उत्तुंग नव्या इमारतीचे जाडजूड बोल्ट तुटले, तिथेही हेच कारण. जगातले नामांकित अभियंते, पैशाला तोटा नाही, तरीही. तिथे निदान दोष उघडपणे सांगितला गेला, बोल्ट बदलले गेले, लोकांना कळलं. आमच्या गल्लीतली तुटलेली स्प्रिंग ‘ड्युप्लिकेट माल’ या एका शब्दाखाली गाडली जाते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लहान कारखानदार मला माफ करणार नाहीत. प्रत्येक तुटलेली स्प्रिंग हायड्रोजनने तुटत नाही. लाखो वेळा दबून दबून थकलेली तारही तुटते, ओरखड्यावरून तुटते, चुकीच्या मापाने तुटते. आणि प्रत्येक स्प्रिंगला जस्त लागतही नाही. रेल्वेच्या डब्याखालच्या जाडजूड स्प्रिंगा, ज्यांच्यासाठी ग्वाल्हेरजवळ सिथौलीला रेल्वेने स्वतंत्र कारखाना काढला आहे, त्या पोलादी छर्‍यांचा मारा करून कणखर केल्या जातात आणि वर रंग लावला जातो. तेलात, ग्रीसमध्ये राहणाऱ्या स्प्रिंगला मुलामा देणं म्हणजे पैसे देऊन दुखणं विकत घेणं. लहान कारखानदाराचं म्हणणं असतं, गिऱ्हाईक चार आण्यांसाठी घासाघीस करतं आणि पैसे सहा महिन्यांनी देतं, मी रात्रभर भट्टी कशावर चालवू? यात तथ्य आहे. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. तो नीट पाळला गेला तर कितीतरी भट्ट्या पूर्ण वेळ चालतील.

मग करायचं काय? माझ्या अल्पबुद्धीला चार गोष्टी सुचतात.

एक, आधी ॲसिड टाळता येतं का ते बघावं. छर्‍यांच्या माऱ्याने गंज काढता येतो, अल्कलीच्या धुलाईने तेल काढता येतं. विजेच्या कुंडाऐवजी जस्ताचे बारीक पापुद्रे असलेला लेप देण्याची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे, तिच्यात मुलामा देताना हायड्रोजन शिरत नाही. आधीच जस्त चढवलेल्या तारेची स्प्रिंग करता येते. खाऱ्या हवेत बसणाऱ्या लहान स्प्रिंगेला स्टेनलेस पोलादाची तार परवडते, जरा महाग पडली तरी.

दोन, मुलामा द्यायचाच असेल तर खरेदीच्या ऑर्डरवरच भट्टीचे तास लिहावेत आणि त्यांचे पैसे वेगळे धरावेत. ज्या गोष्टीचे पैसे कुणी देत नाही, ती गोष्ट वहीतच होते. कुंडातून माल किती वाजता निघाला आणि भट्टीत किती वाजता गेला, या दोन वेळा चलनावर हव्यात. आणि भट्टीच्या नोंदी माणसाच्या हातात न ठेवता धग आणि वेळ आपोआप नोंदणाऱ्या यंत्राच्या हाती द्याव्यात. आता असं यंत्र फार महाग राहिलेलं नाही. मी माणसांवर अविश्वास दाखवतोय असं कुणी म्हणू नये. पंचविशीतल्या मला शेवटच्या लाँचच्या मोहातून वाचवायला तेवढं एक यंत्र पुरलं असतं.

तीन, प्रत्येक लॉटमधल्या काही स्प्रिंगा मिस्त्रींसारख्या दाबून ठेवाव्यात, निदान दोन दिवस. खर्च शून्य. माल पाठवण्याची घाई दोन दिवस आवरायची, एवढंच.

चार, हे सगळं आयटीआयमध्ये फळ्यावर लिहून नव्हे, तर तार हातात देऊन शिकवावं. तारेचा एक तुकडा ॲसिडमध्ये ठेवायचा, एक नाही. दोन्ही वाकवायला सांगायचे. ज्या पोराच्या हातात तो तुकडा एकदा कट्कन मोडेल, तो जन्मात भट्टी लवकर बंद करणार नाही. आमच्या उरणात आता अटल सेतू आला, २०२४ च्या जानेवारीत लोकलही आली. भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँचने हेलपाटे घालण्याची पाळी आमच्या नातवंडांवर येणार नाही. गोदामं, कंटेनरची यार्डं, दुरुस्तीचे कारखाने यांत मुलं कामाला लागताहेत. रस्ते जवळ आले, प्रवासाचे तास कमी झाले, हे चांगलंच. पण काही कामांचे तास कमी होत नसतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे तीनच, हे प्रत्येक घरातली बाई जाणते. दही लागायला रात्र लागते ती लागतेच.

आणि घरच्या वाचकांना एक साधी विनंती. सायकलची, मोटरसायकलची, दाराची, व्यायामाच्या हँडलची, कुठलीही स्प्रिंग गंजली तर ती न्हाणीघराच्या ॲसिडमध्ये, किंवा गंज काढणाऱ्या कुठल्याही तेजाबी पाण्यात बुडवू नका. रॉकेल आणि तारेचा ब्रश घ्या, हाताने घासा, पुसा, तेल लावा. फार गंजली असेल तर नवी घ्या. चमक परत आणण्याच्या नादात बळ घालवू नका.

शेजारच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ‘काका, तुमच्या बहिणीचं लग्न जमलं का त्या दिवशी?’ जमलं. पनवेललाच दिली तिला, आता तिची नातवंडंही शाळेत जातात. घरातल्या सगळ्यांना त्या दिवसाची आठवण पोहे आणि नारळाच्या वड्यांची आहे. माझी आठवण दुसरी आहे, हे त्यांना आज हा लेख वाचूनच कळेल.

मिस्त्रींनी त्या तुटलेल्या स्प्रिंगांमधली एक भट्टीच्या वर खिळ्याला टांगून ठेवली होती, वहीच्या शेजारी. १९९९ साली ते गावी परत जायला निघाले तेव्हा ती काढून त्यांनी माझ्या हातात दिली. घरातल्या शोकेसमध्ये ती आहे. उरणच्या हवेत इतक्या वर्षांत तिच्यावर जागोजागी पांढरी भुकटी धरली आहे, कडेला थोडा तांबूस डागही आला आहे. बाकी जस्त अजून शाबूत आहे. गंजापासून तिला राखण्याचं काम त्याने चोख केलं.